प्रश्न विचारणाऱ्यांनी युद्ध हरवले नाही

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

सायगॉन, म्हणजे अमेरिका जिच्या बाजूने लढली त्या दक्षिण व्हिएतनामची राजधानी, पडल्याला पन्नास वर्षे झाली, त्यानिमित्त आपल्या रविवारच्या पुरवणीत आलेला व्हिएतनाम युद्धावरचा लेख लक्ष देऊन वाचला. लेखकाचे म्हणणे असे, की अमेरिकेचे सैन्य रणांगणावर हरलेच नाही. पोरांनी मोर्चे काढले, वर्तमानपत्रांनी नको ते छापले, टीव्हीने घराघरांत प्रेते दाखवली आणि देशाचे अवसान गळाले. शेवटी आपल्याकडच्या लोकांनाही कानपिचकी दिली आहे : जवान लढत असताना घरात बसून प्रश्न विचारू नयेत, त्याने त्याचे मनोधैर्य खचते.

मी जवान होतो. मराठा लाइट इन्फंट्रीत शिपाई म्हणून भरती झालो आणि सुभेदार म्हणून पेन्शनीत आलो. १९८७ ते ८९ या काळात आमची पलटण भारताच्या शांतिसेनेबरोबर श्रीलंकेत होती. परमुलखातली, घरच्यांना नकोशी झालेली लढाई काय असते ते मी अंगावर काढले आहे. तेव्हा आमच्या नावाने केलेल्या या विधानाला आमच्यापैकीच कुणीतरी उत्तर द्यायला हवे. पत्र लांबले आहे. काटछाट करायची झाली तर माझ्याबद्दलचा मजकूर काढा, त्या युद्धाबद्दलचा ठेवा.

आधी त्या युद्धाची सुरुवात कशी झाली ते पाहू, कारण लेखात त्यावर अवाक्षर नाही. २ ऑगस्ट १९६४ रोजी टोन्किनच्या आखातात उत्तर व्हिएतनामच्या टॉर्पेडो बोटी आणि अमेरिकेची ‘मॅडॉक्स’ ही विनाशिका यांच्यात चकमक झाली. ती खरी. दोन दिवसांनी पुन्हा हल्ला झाला असे अध्यक्ष जॉन्सन यांनी देशाला सांगितले, आणि तो हल्ला झालाच नव्हता. काळोखी रात्र, वाईट हवा आणि यंत्रांवर उमटलेल्या खुणांचा भलताच अर्थ, एवढेच त्यात होते. आधी नीट खात्री करून घ्या, असा निरोप तिथल्या नौदल अधिकाऱ्याने स्वतःच काही तासांत वर पाठवला होता. तरी अध्यक्षांना लढाईची मोकळीक देणारा ठराव ७ ऑगस्टला मंजूर झाला : कनिष्ठ सभागृहात ४१६ विरुद्ध शून्य, सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २. विरोधात उभे राहिलेले ते दोन सिनेटर म्हणजे ओरेगॉनचे वेन मोर्स आणि अलास्काचे अर्नेस्ट ग्रुनिंग. १९६८ साली दोघांचीही जागा गेली. त्या रात्री काय घडले नव्हते याचे गुप्तहेर खात्याचे कागद २००५ साली खुले झाले. तोवर सायगॉन पडूनही तीस वर्षे लोटली होती.

लेखकाला हवा तसा एकदिलाने उभा राहिलेला, कुणीही प्रश्न न विचारणारा देश त्या ऑगस्ट महिन्यात होता. त्या एकदिलातूनच पुढच्या मार्चमध्ये दक्षिण व्हिएतनामात दा नांगच्या किनाऱ्यावर अमेरिकेचे पहिले मरीन सैनिक उतरले. १९६९ च्या एप्रिलपर्यंत सैन्य ५ लाख ४३ हजारांवर गेले. ५८ हजारांहून अधिक अमेरिकन मेले. व्हिएतनामच्या सरकारने १९९५ साली दिलेल्या अंदाजाप्रमाणे तिथले वीस लाखांपर्यंत सामान्य लोक आणि अकरा लाख लढवय्ये गेले. दक्षिणेच्या सैन्यातले गेले ते वेगळेच.

आता मनोधैर्याबद्दल. ते कशाने खचते हे लेखकाने ऐकीव लिहिले आहे, मी पाहिलेले सांगतो. घरी कुणी मोर्चा काढला हे सीमेवरच्या पोराला टपालातून उशिरा कळते, आणि कळले तरी त्याच्या रोजच्या चालीत फरक पडत नाही. तो खचतो ते आपण इथे कशासाठी आहोत हे त्याच्या वरच्यालाही सांगता येत नाही तेव्हा. १९६९ च्या मे महिन्यात आप बिया नावाच्या डोंगरावर अमेरिकन पायदळाने दहा दिवस चढाई केली. सत्तरहून अधिक पोरे गेली, शेकडो जखमी झाली. डोंगर घेतला, आणि महिना उलटायच्या आत सोडूनही दिला. त्या डोंगराला सैनिकांनी ठेवलेले ‘हॅम्बर्गर हिल’ हे नाव खिमा करण्यावरून आलेले आहे. या युद्धात जमीन मोजत नव्हते, मुडदे मोजत होते. किती मारले ते संध्याकाळी वर कळवायचे आणि त्या आकड्यावर अधिकाऱ्याची बढती ठरायची. अशा मोजणीत शेतकरी कोण आणि लढवय्या कोण, हे पाहायला कुणाला सवड असते?

पुढे पुढे तर पोरे आपल्याच अधिकाऱ्याच्या तंबूत ग्रेनेड टाकू लागली. असे प्रकार शेकड्यांनी नोंदले गेले आहेत. मी जेसीओ, म्हणजे शिपायांतून वर आलेला कनिष्ठ अधिकारी होतो. पंचवीस-तीस पोरांच्या मधे निर्धास्त झोपलेला माणूस आहे मी. हे वाचले तेव्हा पुस्तक मिटून ठेवावे लागले. पलटण एवढी सडते ती विद्यापीठातल्या घोषणांनी सडत नाही.

कोण गेले आणि कोण राहिले, यावर मात्र मला सर्वांत जास्त बोलायचे आहे, कारण समाज उभा फाटला तो तिथे. त्या काळात अमेरिकेत सक्तीची भरती होती. लढाईच्या वर्षांत भरतीच्या वयाचे सुमारे पावणेतीन कोटी तरुण होते, त्यांतल्या साधारण बावीस लाखांना सक्तीने उचलले. कॉलेजात असेल त्याला सूट. बापाच्या ओळखीच्या डॉक्टरने पाठीचे, पायाचे दुखणे लिहून दिले तर सूट. नॅशनल गार्ड या राज्यांच्या राखीव दलात वशिला लागला तर घराजवळच नोकरी. ज्याच्याकडे फीचे पैसे नाहीत, डॉक्टर नाही, ओळख नाही, तो गेला. तरी माणसे कमी पडू लागली, तेव्हा संरक्षणमंत्री मॅकनमारा यांनी १९६६ च्या ऑक्टोबरपासून भरतीची चाचणीच खाली आणली. पूर्वी जे लिहिण्या-वाचण्याच्या परीक्षेत नापास म्हणून परत पाठवले जात, तेही घेतले. गरिबांच्या पोरांना धंदाशिक्षण मिळेल, असे तेव्हा सांगितले होते. तीन लाखांवर पोरे या वाटेने आत आली आणि त्यांतल्या कितीतरी जणांच्या हातात रायफल देऊन पायदळात पाठवले. मी रंगरूट शिकवले आहेत. हुकूम समजायला ज्याला वेळ लागतो असा पोरगा पुढच्या फळीत पाठवणे म्हणजे काय, हे शिकवणाऱ्याला विचारा.

ओरड झाली म्हणून १ डिसेंबर १९६९ रोजी चिठ्ठ्या काढल्या. एका काचेच्या मोठ्या बरणीत निळ्या प्लास्टिकच्या ३६६ डब्या, प्रत्येकीत वर्षातली एक तारीख. टीव्हीवर सगळा देश बघत होता. पहिली डबी उघडली, १४ सप्टेंबर. त्या तारखेला जन्मलेली पोरे पहिल्या क्रमांकाने पकडली गेली. त्यातही डब्या महिन्यांच्या क्रमाने भरल्या होत्या आणि नीट ढवळल्या नव्हत्या. नंतर आकडेशास्त्राच्या लोकांनी दाखवून दिले, की वर्षअखेरच्या महिन्यांत जन्मलेल्यांचे नंबर जास्त लवकर लागले. आईने डिसेंबरात जन्म दिला म्हणून लढाई वाट्याला आली.

आणि या पोरांना मत नव्हते. मतदानाचे वय २१. अठराव्या वर्षी मरायला चालतो तर मत द्यायला का नाही, हा प्रश्न लोकांनी इतका लावून धरला की १९७१ साली २६वी घटनादुरुस्ती होऊन वय १८ झाले. प्रश्न विचारणाऱ्यांनी देशाला काय दिले, हे लेखकाला सापडले नाही. एक गोष्ट ही घ्या. मी भरती झालो तेव्हा आपल्याकडेही तसेच होते. एकोणिसाव्या वर्षी मला रायफल मिळाली, मत मात्र नव्हते. आपल्याकडे १९८९ साली वय १८ झाले, तेव्हा मी लंकेत होतो.

सातारा जिल्ह्यात हे सगळे कळायला फार लांब जावे लागत नाही. अपशिंगे गावचे ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आले. इंग्रज सरकारने त्यांच्या स्मरणाची शिळा दिली, गावाच्या नावाला मिलिटरी जोडले गेले, आणि आजही त्या गावात घरटी माणूस सैन्यात आहे. त्याचा आम्हा सगळ्यांना अभिमान आहे. पण त्या ४६ जणांपैकी एकाच्याही घरी कुणी ती लढाई करावी की नाही हे विचारायला आले नव्हते. आमची पोरे पगारासाठी, पेन्शनसाठी, मानासाठी राजीखुशीने भरती होतात, सक्ती नाही. तरीसुद्धा टीव्हीवर बसून लढाई मागणाऱ्यांपैकी कितीजणांची पोरे भरतीच्या मैदानावर पहाटे अनवाणी धावतात, हे मी दरवर्षी पाहतो. पुसेगाव, कोरेगाव, माण-खटावची पोरे धावतात.

डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांनी ४ एप्रिल १९६७ रोजी न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमध्ये नेमके हेच मांडले. ज्या गोऱ्या आणि काळ्या पोरांना आपण एका शाळेत बसवू शकलो नाही, ती परदेशात एकत्र मरताना आपण पाहतो, असे त्यांचे म्हणणे होते. गरिबी हटवायचा पैसा ही लढाई खाऊन टाकते, हेही ते बोलले. त्यानंतर लगेच त्यांच्या बाजूची वर्तमानपत्रेसुद्धा त्यांच्यावर तुटून पडली. त्याच महिन्यात जगज्जेते मुष्टियोद्धे मुहम्मद अलींनी ह्यूस्टनच्या भरती केंद्रात नाव पुकारल्यावर पाऊल पुढे टाकायला नकार दिला. किताब गेला, पाच वर्षांची शिक्षा झाली, आणि चार वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. अली पळून कॅनडाला गेले नाहीत, समोर उभे राहून नाही म्हणाले. मी हुकूम मानणारा माणूस आहे, पण असे नाही म्हणायला काय लागते ते मला कळते.

पैशाचेही थोडक्यात सांगतो. जॉन्सनना गरिबीविरुद्धची लढाई आणि ही लढाई, दोन्ही कर न वाढवता करायच्या होत्या. १९६५ साली दोन टक्क्यांच्या आत असलेली महागाई १९६९ ला पाचाच्या वर गेली. १९६८ साली आयकरावर दहा टक्के अधिभार बसवावा लागला, तोवर उशीर झाला होता. आपल्या घरांनाही त्याची झळ लागली आहे. १९६५-६६ च्या दुष्काळात आपण अमेरिकेच्या गव्हावर जगत होतो. उत्तर व्हिएतनामच्या राजधानीवरच्या, हनोईवरच्या, बाँबफेकीबद्दल इंदिराबाईंचे सरकार विरोधात बोलले, ते जॉन्सनना झोंबले, आणि आधीच हात आखडून दिला जाणारा गहू आणखीच मोजून-मापून सुटू लागला. माझा जन्म त्याच सुमाराचा. रेशनवरच्या लाल मिलोच्या, म्हणजे अमेरिकेतून आलेल्या ज्वारीच्या, भाकरीच्या कडा थापता थापता फुटायच्या आणि पोरे ती खाऊन पोट धरून बसायची, हे आई शेवटपर्यंत सांगायची.

आता ज्यांना लेखकाने दोषी धरले आहे त्या विद्यार्थ्यांकडे येतो. ३० एप्रिल १९७० रोजी अध्यक्ष निक्सन यांनी शेजारच्या कंबोडियात सैन्य घुसवल्याचे जाहीर केले. लढाई संपवतो म्हणून निवडून आलेला माणूस ती वाढवतो आहे, म्हणून विद्यापीठे पेटली. ४ मे रोजी ओहायोतल्या केंट स्टेट विद्यापीठात नॅशनल गार्डच्या जवानांनी तेरा सेकंदांत ६७ गोळ्या झाडल्या. चार विद्यार्थी मेले, नऊ जखमी झाले. मेलेल्यांत दोघे मोर्च्यात नव्हतेच, तासाला निघाले होते. त्या दोघांतला एक सैन्यात अधिकारी होण्याचे शिक्षण घेत होता. गोळ्या झाडणारेही पोरगेच होते, साधारण त्याच वयाचे. अकरा दिवसांनी मिसिसिपीतल्या जॅक्सन स्टेट या काळ्या मुलांच्या कॉलेजात पोलिसांनी गोळीबार केला, दोघे गेले. त्याची बातमी मात्र केंटएवढी झाली नाही.

मधल्या काळात, ८ मेला, न्यूयॉर्कमध्ये बांधकाम मजुरांनी युद्धाला विरोध करणाऱ्या पोरांना रस्त्यात गाठून बडवले. हे मजूर वाईट माणसे होती असे मला वाटत नाही. ज्या वस्त्यांतली पोरे लढाईला गेली होती, तिथलेच ते. कॉलेजात जाऊन सूट मिळालेला पोरगा आपल्या पोराच्या लढाईला पाप म्हणतो आहे, हे त्यांना सहन झाले नाही. राग खरा होता, पण पडला चुकीच्या अंगावर. ज्यांनी सूट कुणाला द्यायची हे ठरवले ते वॉशिंग्टनमध्ये सुखरूप होते. अमेरिकेच्या समाजाचे या युद्धाने काय केले ते मला या एका दिवसात सगळ्यांत स्पष्ट दिसते : मजुराचा पोरगा आणि मास्तराचा पोरगा एकमेकांचे वैरी झाले. तिथल्या राजकारणात ती भेग आजही बुजलेली नाही.

आणि छापणारे? माय लाय गावात १६ मार्च १९६८ रोजी अमेरिकन तुकडीने बायका, पोरे, म्हातारे मारले. व्हिएतनामी मोजणी ५०४ ची आहे. वर्षभर ते दाबून ठेवले. बाहेर आले ते एका सैनिकानेच पत्रे लिहिली म्हणून, आणि सीमोर हर्श या पत्रकाराने पिच्छा पुरवून छापले म्हणून. त्या दिवशी ह्यू थॉम्पसन नावाच्या वैमानिकाने आपले हेलिकॉप्टर गावकरी आणि आपल्याच सैनिकांच्या मधे उतरवले, हे सैनिक गावकऱ्यांवर गोळी झाडू लागले तर त्यांच्यावरच मशीनगन चालवा असे हेलिकॉप्टरमधल्या आपल्या साथीदारांना बजावले आणि काही जीव वाचवले. परतल्यावर त्यालाच गद्दार म्हटले गेले. त्याचे खरे पदक आले ते १९९८ साली, तीस वर्षांनी. प्रश्न विचारल्याने जवानाचा अपमान होतो असे म्हणणाऱ्यांनी सांगावे, थॉम्पसन जवान नव्हता का? माझ्या लेखी त्या सकाळी तिथे गणवेशाची लाज राखणारा तोच.

‘पेंटागॉन पेपर्स’चे, म्हणजे या युद्धाबद्दलच्या अमेरिकी संरक्षण खात्याच्या गुप्त कागदांचेही तसेच. ते बाहेर काढणारा डॅनियल एल्सबर्ग मोर्चेवाला म्हणून जन्मला नव्हता. मरीन दलात कंपनी सांभाळलेला, व्हिएतनाममध्ये सरकारी कामावर राहून आलेला माणूस. सात हजार पानांत सरकारनेच लिहून ठेवले होते की लोकांना एक सांगितले आणि आत दुसरेच ठाऊक होते. १३ जून १९७१ पासून ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ते छापले, सरकार कोर्टात गेले, आणि ३० जूनला सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन असा निकाल वर्तमानपत्रांच्या बाजूने दिला. १९६४ साली सरकार बहुतेक वेळा योग्य तेच करते असे मानणारे अमेरिकन शंभरात ७७ होते. दहा वर्षांनी ३६ उरले. हा विश्वास छापणाऱ्यांनी घालवला की खोटे बोलणाऱ्यांनी, हे एक वर्तमानपत्र चालवणाऱ्या आपल्याला मी काय सांगणार.

१९७१ च्याच एप्रिलमध्ये व्हिएतनामहून परतलेल्या शेकडो सैनिकांनी आपली पदके वॉशिंग्टनच्या संसदेसमोर फेकली. मला ते जमले नसते. माझी पदके घरच्या ट्रंकेत फडक्यात गुंडाळून ठेवली आहेत आणि १५ ऑगस्टला छातीवर लावतो. पण ज्याने पदक कमावले आहे तो ते फेकतो तेव्हा त्याच्यावर काय गुदरले असेल, हे मला समजते, आणि म्हणूनच त्याला भेकड म्हणणाऱ्याचे मी ऐकून घेत नाही.

परत येण्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. अमेरिकन सैनिक पलटणीबरोबर जात नसे आणि पलटणीबरोबर येत नसे. प्रत्येकाचे वर्षाचे पान वेगळे. वर्ष भरले की एकटा विमानात बसायचा, आणि परवा जंगलात असलेला माणूस आज आईच्या स्वयंपाकघरात. वाटेत जहाजावर चार दिवस जोडीदारांशी बोलून मन हलके करायची सोय नाही. बक्षीस म्हणून मिळाले ते अबोला. जिंकून आलेल्या बापांनी विचारले नाही, बरोबरीच्या पोरांनी तोंड फिरवले. रात्री ओरडत उठणाऱ्यांच्या आजाराला डॉक्टरांनी पुस्तकात नाव दिले ते १९८० साली. जंगलातल्या झाडांची पाने झडवायला फवारलेल्या ‘एजंट ऑरेंज’ने आजारी पडलेल्यांना रसायन कंपन्यांशी कोर्टात भांडून १९८४ साली १८ कोटी डॉलरची तडजोड मिळाली, आणि सरकारने काही आजार त्या विषामुळे धरून भरपाई देण्याचा कायदा केला तो १९९१ साली. हे सगळे त्या सैनिकांनी स्वतः प्रश्न विचारून, ओरडून मिळवले.

आमचे वेगळे नव्हते. लंकेत आपले सुमारे १,२०० जवान गेले. त्या वेळी पार्थिव गावी आणायची पद्धत नव्हती, तार यायची आणि मागून सामानाची पेटी. मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी मद्रासला उतरली तेव्हा राज्याचे मुख्यमंत्री स्वागताला आले नाहीत. माझ्या पलटणीतला एक जोडीदार, खटाव तालुक्यातला. तिकडे रस्त्यावरच्या मोऱ्यांखाली सुरुंग असायचे, त्याच्या डोळ्यांदेखत गाडी उडाली होती. घरी आल्यावर कित्येक वर्षे तो एसटीने निघाला की गावाच्या अलीकडच्या मोरीआधी बेल मारून उतरायचा, ओढ्यातून चालत पलीकडे यायचा आणि मग रस्त्याला लागायचा. भर पावसाळ्यातही गुडघाभर पाण्यातून. गावातली पोरे हसायची, कंडक्टर वैतागायचे. त्याच्या बायकोने देवऋषी केले, अंगारे केले. त्याला डॉक्टरकडे न्यावे हे आमच्यापैकी कुणाला सुचले नाही, कारण याला आजार म्हणतात हे आम्हाला ठाऊकच नव्हते. तो आता नाही. त्याला जर कुणी त्या काळात ‘लंकेत काय झाले?’ असे बसून विचारले असते, तर त्याचे मनोधैर्य खचले नसते. त्याला बरे वाटले असते.

माझी मुलगी व जावई वॉशिंग्टनजवळ राहतात, त्यांच्याकडे गेलो तेव्हा मी हट्टाने व्हिएतनामच्या सैनिकांची भिंत पाहायला गेलो. ती सरकारने आपणहून बांधली नाही. जखमी होऊन आलेल्या जॅन स्क्रग्ज या सैनिकाने वर्गणी गोळा करायला सुरुवात केली. आराखडा माया लिन या एकवीस वर्षांच्या विद्यार्थिनीचा, आणि १९८२ साली ती उभी राहिली. तिचा काळा दगड आपल्याकडचा, बेंगळुरूच्या बाजूच्या खाणींतला. जवळ जाऊन हात लावला. नावांपुढे हुद्दा नाही. शिपाई आणि कर्नल एका ओळीत, ज्या दिवशी गेले त्या क्रमाने, म्हणजे एका चकमकीतले जोडीदार शेजारी शेजारी. नावापुढे चौकट असेल तर मेल्याची खात्री झालेला, फुली असेल तर बेपत्ता. एक म्हातारी बाई कागद धरून पेन्सिल घासत नाव उमटवून घेत होती आणि तिचा नातू कागदाचा खालचा कोपरा दाबून धरून उभा होता. ज्या देशाने या पोरांकडे पाठ फिरवली होती तो तिथे रांगेने उभा होता. आपल्या लंकेतल्या जवानांचे स्मारक कोलंबोत २००८ साली उभे राहिले. दिल्लीत त्यांची नावे कोरली गेली ती २०१९ साली, राष्ट्रीय युद्ध स्मारक झाले तेव्हा.

प्रश्न विचारल्याने अमेरिकेत आणखी काय झाले? १९७३ साली सक्तीची भरती बंद झाली, आणि अध्यक्षाने एकट्याच्या मर्जीने सैन्य लढाईत ठेवू नये असा कायदा निक्सन यांचा नकाराधिकार डावलून संसदेने केला. एक दुखणे मात्र राहिले. सक्ती गेल्यावर लढाई ठरावीक घरांचीच झाली. शवपेट्यांचे फोटो घ्यायलाही १९९१ पासून २००९ पर्यंत बंदी होती. अफगाणिस्तानात वीस वर्षे लढाई चालली, आणि ज्याच्या घरातला कुणी गेला नव्हता त्याला ती चालू आहे याचा विसर पडला. पोराला बोलावणे येईल ही धास्ती होती तोवर बाप वर्तमानपत्र नीट वाचत होते. तशी धास्ती आपल्याकडे शहरांत कधीच नव्हती. म्हणून वर्तमानपत्राचे काम आपल्याकडे जास्त आहे.

तेव्हा माझ्या दोन मागण्या आहेत. पहिली, कुठल्याही सरकारने, ते कोणत्याही पक्षाचे असो, सैन्य परमुलखात पाठवले तर पहिल्या दिवशीपासून छापा : काम काय दिले आहे, कधी पुरे झाले असे मानायचे, संसदेत किती तास चर्चा झाली, आणि जखमींचा आकडा किती. जवानाच्या घरच्यांना याची उत्तरे हवी असतात, फक्त ती मागायला त्यांना तोंड नसते.

दुसरी, लंकेत जाऊन आलेले लोक आपल्या जिल्ह्यात तालुक्या-तालुक्यात आहेत. कुणी एटीएमवर वॉचमन आहे, कुणी शेती करतो, कुणी अंथरुणाला खिळला आहे. सगळे साठीच्या पुढचे. येत्या २९ जुलैला, ज्याने आम्ही लंकेत गेलो त्या भारत-श्रीलंका कराराच्या तारखेला, त्यांच्या तोंडून ऐकलेले छापावे. माझ्या ओळखीचे काही जण बोलायला तयार आहेत, दोघांच्या बायकाही बोलायला तयार आहेत, आणि त्यांचे आधी ऐकावे असे माझे मत आहे. आपल्या बातमीदाराला कोरेगावच्या स्टँडवर उतरून निरोप द्यायला सांगा, मी मोटरसायकल घेऊन न्यायला येतो.

आपला,
एक निवृत्त सुभेदार
ता. कोरेगाव, जि. सातारा
(नाव छापू नये, ही विनंती.)